नोंद क्रमांक अठ्ठेचाळीस

आईनं मला विचारलं नव्हतं.
फोन आला तो थेट संग्रहालयातून:
दोन साक्षीदार लागतात, एक आमचा दरवान आहे,
दुसऱ्या म्हणून तुमचं नाव दिलंय, येता का?

जानेवारी. आयोवाचा गुडघाभर बर्फ.
आई खुर्चीच्या टोकावर बसलेली,
मांडीवर बिस्किटांचा निळा डबा.
त्यात बिस्किटं कधीच नसायची.
सुईदोरा असेल म्हणून मीही कधी उघडला नाही.

तिचं नाव तुएत. म्हणजे बर्फ.
राक झा गावात, जिथं कुणी हिमाचा कण पाहिला नव्हता,
आजोबांनी हौसेनं ठेवलेलं.
इथं आल्यावर पहिल्या सकाळी दार उघडलं
आणि ती आपल्याच नावात घोट्यापर्यंत बुडाली.

डब्यात फडक्यांच्या गाठी. एकेक सुटत गेली.
पाचू, तुर्मली, तांबडा स्पिनेल,
तीन ओपल, एक नीलम.
एकतीस वर्षं डुकरांच्या कारखान्यात सुरी चालवून
पगारागणिक घेतलेले खडे.
मला आठवला माझा सातवीतला बूट,
तळव्यात पुठ्ठा कापून घातलेला.
हिशेब करायचा नाही म्हटलं तरी होतोच:
तुर्मली म्हणजे बूट.
ओपल म्हणजे दातांची तार, जी कधी बसली नाही.

हेल्गेसनबाईंनी भिंग डोळ्याला लावलं.
नीलमाच्या आत सुया आहेत, म्हणाल्या, रेशमाच्या धाग्यांसारख्या.
हा दोष नव्हे. यावरूनच कळतं
कुठल्या मातीत जन्मला. कागद लागत नाहीत.
आई हसली.
बिदाँगच्या छावणीत साहेब तिला
अकरा महिने कागद मागत होते.
मी तिथंच जन्मले. माझा दाखला झाला,
तिचा नाही.
'माझ्यात कुणी असं वाकून बघितलं नाही,' ती म्हणाली.

मग बाईंनी खडा खिडकीशी धरला. पाणी उत्तम आहे.
मी आईला सांगितलं, आमच्या भाषेत,
जिथं पाण्याला जो शब्द तोच देशाला.
ती चपापली. कुठलं, असं
विचारणार होती बहुतेक.

फॉर्मवर रकाना: कसे मिळाले.
विकत. विकत. विकत. विकत.
अंगठीपाशी पेन थांबलं.
सोन्याची पानं सात होती, नेफ्यात शिवलेली.
नावाड्याला माणशी दोन. बाबा, मामा, ती: सहा.
किनाऱ्याला लागली ती एकटी,
आणि तिच्या पोटात मी.
सातव्या पानाची ही अंगठी.
आईनं लिहिलं: उरले.

शेवटचं जेडचं कांकण. लग्नातलं.
साबण लावला, तेल लावलं,
मनगटाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून ओढलं.
दरवान म्हणाला, माझ्या आजीचंही असंच होतं.
हात इथं येऊन रुंद झालेला,
कांकण तेवढंच राहिलेलं.
राहू द्या, बाई म्हणाल्या.
'यादीत आहे ना? मग लिहा.'
अठ्ठेचाळीस. कांकण, हिरवे, एक.
सध्याचे ठिकाण: दात्याचे डावे मनगट.
मी सही केली.

गाडीपाशी शेवटी विचारलंच, मला का नाही दिलंस?
'तू जपून ठेवशील,' ती म्हणाली.
'जपून मी ठेवलंच की.
आता कुणीतरी बघू दे.'

खरवडणी सापडेना.
पुढच्या काचेवरचा बर्फ तिनं हातानंच ओढून काढला,
साबणानं लाल झालेल्या.
प्रत्येक फटक्याला
काचेवर कांकण वाजत होतं.